तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याचं तोंड मंडळीकडे असतं. बाकीच्यांना पाळकसाहेब दिसतात, मला सगळे दिसतात. गीताला नुसते ओठ कोण हलवतं, प्रार्थनेत डोळे मिटून खरोखर झोप कोण काढतं, कुणाची सून सासूपासून दोन बाक सोडून बसली आहे, माझ्यापासून काही लपत नाही. संडे स्कूलची बाई आणि पेटीवाली म्हणून या बाकांपुढे माझं निम्मं आयुष्य गेलं. म्हणून मोनिकाची गोष्ट मीच सांगते. वस्तीत सांगतात ती वेगळीच आहे. पोरगी रशियाला गेली, शिकून शेफारली आणि ठरलेलं लग्न मोडून बसली, असं म्हणतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

नगर जिल्ह्यात तिसगावच्या पुढे फाट्यावरून आत आमचं गाव. गावाच्या कडेला ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या मध्ये दगडी चर्च. त्या चर्चची घंटा वाजवतो तो रामहरी, मोनिकाचा बाप. नावावर जाऊ नका. त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण पोरांची नावं ठेवायचं काम म्हाताऱ्या बायकांकडेच राहिलं, आणि त्यांना जुनी नावं गोड लागायची. आठवडाभर रामहरी लोकांच्या मोसंबीच्या बागांत राबतो आणि रविवारी धुतलेला पायजमा घालून घंटेच्या दोराशी उभा राहतो. त्याची बायको मार्था. दोघांना एकच लेक.

रशियन हे खूळ मोनिकाच्या डोक्यात शिरलं ते एका खोक्यामुळे. नगरच्या कॅम्पात रशियाकडून आलेले रणगाडे असतात, त्यांच्या सुट्या भागांची लाकडी खोकी कधीकाळी भंगारात निघाली होती. रामहरीने त्यातलं एक टेम्पोत घालून आणलं आणि मार्था त्यात बाजरी ठेवू लागली. खोक्याच्या अंगावर काळ्या रंगात रशियन अक्षरं होती. ही पोर खडूने ती अक्षरं पाटीवर उतरवून काढायची. एकदा संडे स्कूलमध्ये वचन लिहायला सांगितलं, तर हिने वहीत उलटेसुलटे आकार काढून ठेवले. मी म्हटलं, "हे काय गं, कोंबडीचे पाय?" तर मान वर करून म्हणते, "बाई, ही अक्षरं हायेत. बाजरीच्या खोक्यावरची."

हट्टी होती. नगरला कॉलेज केलं, मग पुण्याला रशियनचे वर्ग केले, आणि शेवटी शिष्यवृत्ती मिळवून व्होल्गा नदीकाठच्या यारोस्लाव्ल नावाच्या गावी रशियन भाषाच शिकायला निघाली. वस्तीत कुणाला पटेना. आपल्या जिल्ह्यातली पोरं रशियाला डॉक्टर व्हायला जातात, हे सगळ्यांना ठाऊक. नुसती भाषा शिकायला एवढ्या लांब कोण जातं? "तिकडल्या लोकांना बोलता येत न्हाई का?" असं एका म्हातारीने विचारलं होतं.

जायच्या आधी तिची मागणी झाली, म्हणजे लग्न पक्कं ठरलं. मुलगा आमच्याच मंडळीतला, पंकज. नगरला एका दवाखान्यात क्लार्क, राहायला केडगावला, रविवारी न चुकता चर्चला. गायनात गळा बरा. मोठ्यांपुढे मान खाली. गोगलगाय नि पोटात पाय हे मी आज म्हणते, तेव्हा आम्ही सगळे त्याला 'लई गुणाचा' म्हणत होतो. मार्थाचा तर त्याच्यावर जीव होता. तीन वर्षं थांबायला तो तयार झाला याचंच आम्हाला केवढं कौतुक.

तिकडे गेल्यावर मोनिकाने पहिलं काय केलं असेल, तर चर्च शोधलं. त्या गावात घुमटांची कमी नव्हती. पहिल्याच रविवारी ओढणी डोक्यावर घेऊन एका चर्चमध्ये शिरली. आत बसायला बाकच नाहीत. दोन तास सगळी मंडळी उभी. इकडे मेणबत्त्या, तिकडे चित्रं, लोक चित्रांना ओठ लावतात, कमरेत वाकतात. पण बायकांची डोकी रुमालांनी झाकलेली. आमच्याकडे बायका पदर घेतात तशीच. तेवढ्याने तिला घरी आल्यासारखं वाटलं, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, रांग लागली तेव्हा तीही रांगेत जाऊन उभी राहिली.

दाढीवाल्या पाळकाने तिला नाव विचारलं, मग विचारलं की बाप्तिस्मा कोणत्या मंडळीत झाला. तिने सांगितलं. त्यांनी हळूच मान हलवली आणि तिला बाजूला व्हायला सांगितलं. त्यांच्या मेजावर त्यांच्याच मंडळीतल्यांना जागा असते. ती बिचारी भिंतीला चिकटून उभी. तेवढ्यात तिच्याच हॉस्टेलच्या दारावर बसणारी म्हातारी, गालिना पेत्रोव्हना, तिथे आली आणि आपल्या पिशवीतला आशीर्वादाचा छोटा पाव मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, म्हणाली. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

फोनवर मोनिका मला म्हणायची, "बाई, इथं मला वर्गातल्या मुली विचारतात, तुमच्यात ख्रिस्ती असतात? तू कधी झालीस?" मला हसू यायचं, रागही यायचा. नगरच्या एसटीत शेजारी बसलेली बाई नाव ऐकून हेच विचारते, "तुमी कधी झालात?" इथं विचारतात, तिथंही तेच. आमच्या चार पिढ्या याच मातीत गेल्या, तरी आम्ही आपले कालच झालेले.

तरी ती रमली. राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या काळ्या पिठाच्या भाकरी थापून बघितल्या, त्या तव्यावरच फुटल्या. पंचवीस डिसेंबरला तिकडे साधा दिवस, कॉलेज चालू, नाताळ त्यांचा सात जानेवारीला. मग ही हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एकटीच आपली भजनं म्हणायची, आणि मुली दारात उभ्या राहून ऐकायच्या. त्या भाषेला नामाच्या इतक्या विभक्त्या की बोलताना जीभ अडखळायची, आणि चर्चमधली प्रार्थना तर आणखी जुन्या भाषेतली. वर्षभर शिकूनही तिला ती कळेना. गालिनाला विचारलं तर ती म्हणाली, "मला तरी कुठे सगळी कळते!"

एकदा वर्गात आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. मोनिकाने सांगितलं की माझे वडील चर्चची घंटा वाजवतात. त्या गावात घंटांना मोठा मान. वर्ग उठून बसला, ऐकवच म्हणाला. हिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. रामहरी बागेतून धावत आला आणि भर दुपारी घंटा वाजवली. आमच्याकडे अवेळी घंटा झाली की कुणीतरी गेलं असा अर्थ. सगळी वस्ती चर्चकडे पळाली. काकासाहेब तर एका पायात चप्पल घालून आले.

काकासाहेब म्हणजे आमच्या मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. रिटायर्ड हेडमास्तर, नाकासमोर चालणारा माणूस, पण नियमाच्या बाहेर देवालाही जाऊ देणार नाहीत. "कोन गेलं?" त्यांनी विचारलं. रामहरी हातात मोबाईल धरून म्हणाला, "कुनी न्हाई, काका. रशियात ऐकायची हुती." त्या दिवशी काकासाहेबांनी त्याला जे फैलावर घेतलं, ते मोबाईलमधून सगळ्या वर्गाने ऐकलं. मोनिकाच्या सरांनी विचारलं म्हणे, हेही प्रार्थनेतलंच आहे का?

दुसऱ्या हिवाळ्यात मार्था गेली. दोन दिवस ताप आणि संपलं. मोनिकाला कळवलं, पण तिकडून निघून विमानं बदलत येईपर्यंत आमच्याकडे माती थांबत नाही. त्या दिवशी पंकजने जे केलं ते मी विसरणार नाही, आणि खोटं तरी कशाला बोलू. त्याने मार्थाला खांदा दिला. मग कबरस्तानात मोबाईल लावला, आणि तिथे रेंज येईना म्हणून कुंपणाच्या दगडांवर चढून, हात उंच धरून शेवटपर्यंत उभा राहिला. तिकडे परदेशात पोरीने आईची माती बघितली ती त्या हातामुळे. मला तो त्या दिवशी पोटच्या पोरासारखा वाटला.

त्यानंतर मोनिका रडली नाही. जेवायची, वर्गात जायची, पाठ म्हणायची, पण रडली नाही. गालिनाला हे बरं वाटेना. जानेवारीत त्यांच्याकडे प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण असतो. गोठलेल्या नदीत क्रुसाच्या आकाराचा खड्डा खोदतात आणि प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या नदीच्या नावाने त्याला यार्देनच म्हणतात. लाकडी पायऱ्या लावतात, पाळक क्रूस घेऊन उभे राहतात, आणि लोक सुती सदऱ्यावर त्या पाण्यात तीनदा बुडी मारतात. हा काही कुणाला ख्रिस्ती करण्याचा विधी नाही. म्हातारे उतरतात, पोरं उतरतात, आदल्या रात्री पिऊन पडलेलेही उतरतात. आपल्याकडे सणाला लोक नदीवर जातात तसंच. गालिना म्हणाली, "चल. आईचं नाव घे आणि उतर."

ती उतरली. वर आली तेव्हा ओरडून ओरडून रडली. हॉस्टेलमधल्या एका मुलीने मोबाईलवर ते टिपलं होतं. मोनिकाने तो व्हिडिओ एकाच माणसाला पाठवला, ज्याने तिच्या आईच्या मातीला हात उंच धरला होता त्याला. सोबत आवाजात निरोप ठेवला. काय केलं, कशासाठी केलं, सगळं सांगितलं, आणि शेवटी बापाबद्दल म्हणाली, "दादांना दाखवू नको रे, गारठ्यानं घाबरतील. फक्त तुझ्यापाशी ठेव." हे सगळं मला पुढे तिच्याकडून कळलं, पण गोष्ट समजायला तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या चर्चमध्ये लहानपणीच डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा होतो. तो एकदाच. काही वर्षांमागे वस्तीतल्या एका कुटुंबाला कुणी नवा पास्टर भेटला. त्याने त्यांना शेततळ्यात नेऊन बुडवून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला. बुडून आला तो मंडळीतून गेला, असा आमच्याकडे कायदाच समजा. मंडळीच्या यादीतून त्यांची नावं कमी झाली. पुढे त्या घरातला म्हातारा वारला तेव्हा काकासाहेब कबरस्तानाच्या फाटकात आडवे उभे राहिले, आणि म्हाताऱ्याला त्याच्याच शेताच्या बांधावर पुरावं लागलं. आधी गेलेली बायको आत, नवरा बाहेर. मी तेव्हाही भांडले होते. पेटीवालीचं कोण ऐकतं?

मोनिका शिक्षण संपवून परत आली. तिकडे लढाई चालू होती, रामहरीचे प्राण कंठाशी आले होते, त्यामुळे ती फाट्यावर जीपमधून उतरली तेव्हा त्याने घंटा वाजवली आणि या वेळी काकासाहेबही काही बोलले नाहीत. लग्नाची बोलणी सुरू झाली. पंकज यायचा, बसायचा, चहा घ्यायचा, पण खुर्चीच्या कडेवर. मोनिका काही सांगू लागली की मोबाईल बघायचा. त्याची आई बायकांत म्हणायची, "शिकलेली सून म्हंजी दोन पावलं म्होरंच चालनार." मी मोनिकाला विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हणाली, "तीन वर्षांनी भेटतोय बाई, जरा लाजतोय."

लाजत कसला होता! दवाखान्यातल्या एका नर्सशी त्याचं सूत जुळलेलं होतं, हे नंतर केडगावच्या लोकांकडून कळलं. मग सरळ सांगायचं ना. पण आमच्यात मागणी मोडणाऱ्याला मंडळीपुढे उभं राहून कारण सांगावं लागतं, आणि कारण खोटं ठरलं तर चार चांगली घरं त्याला दारात उभं करत नाहीत. तेवढी छाती त्याच्यात नव्हती. मोडायचं तर होतं, पण त्याला मोडणारा दुसरा हवा होता.

लग्नाआधी आमच्याकडे सलग तीन रविवार सूचना वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचं लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर उभं राहून सांगावं. मला आठवतंय तसं आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. तो क्षण लोक खोकण्यात घालवतात. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी सूचना वाचून झाली आणि मी पुढच्या गीतासाठी भात्यावर हात ठेवला.

काकासाहेब उठले.

"पाळकसाहेब, माझी हरकत हाय."

चर्चमधलं खोकणं थांबलं. काकासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. "या पोरीनं तिकडं दुसरा बाप्तिस्मा घेतलाय. बुडवून. आन् मंडळीला सांगितलं न्हाई. जिचं नाव मंडळीत ऱ्हाऊ शकत न्हाई, तिचं लग्न या मेजापुढं लागायचं न्हाई."

पाळकसाहेबांनी व्हिडिओ बघितला. मग पंचांनी. मग तो मोबाईल पुरुषांच्या बाकांवरून हातोहात फिरत गेला, आणि मला एकामागून एक चेहरे दिसत गेले. बर्फ, क्रुसाचा खड्डा, दाढीवाला पाळक, पाण्यात जाणारी आणि वर येऊन छातीवर क्रुसाची खूण करणारी आमची मोनिका. आमच्या माणसांना त्यात दुसरं काय दिसणार होतं? शेततळंच दिसलं. शेवटी मोबाईल दारापाशी घंटेच्या दोराजवळ उभ्या रामहरीच्या हातात आला. त्याने बघितला आणि एवढंच म्हणाला, "येवढ्या गारठ्यात?"

पाळकसाहेबांनी विचारलं, "काकासाहेब, हे तुमच्याकडे आलं कुठून?"

"आपल्यातल्याच एकानं दाखवलं. नाव सांगनार न्हाई, तसा शब्द दिलाय. पर मानूस भला हाय, मंडळीची काळजी हाय त्याला."

मोनिका बायकांच्या बाकावरून उठून पुढे आली. ओठ पांढरे पडले होते, पण आवाज ठीक होता. "पाळकसाहेब, ती मीच आहे. पण तो बाप्तिस्मा नाही. तिकडे त्या सणाला सगळेच उतरतात. बाप्तिस्मा वेगळा असतो, तो मी घेतलेला नाही, आणि नाही घेतला म्हणून तीन वर्षं त्यांच्या मेजापासून लांब उभी राहिले. मला आईच्या मातीला येता आलं नव्हतं. मी तिच्यासाठी उतरले."

मला वाटलं, विषय संपला. पण काकासाहेब बसेनात. "आसं तर कुनीबी म्हनंल, पोरी. आमाला तिकडचं काय कळतंय? तुझ्या बोलन्याला साक्ष कुनाची?"

"आहे की." मोनिका पुरुषांच्या बाजूला वळली. "पंकजची. हा व्हिडिओ मी जगात एकट्या पंकजला पाठवला होता. काय केलं आणि कशासाठी, ते त्याच दिवशी त्याला सांगितलं होतं."

बोलता बोलताच तिला कळलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं ते. एकट्याला पाठवला होता, तर काकासाहेबांचा भला माणूस दुसरा कोण असणार? मग ते काकासाहेबांना कळलं, मग बाकाबाकाने सगळ्यांना. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तरी पोरगी वेडी, ती अजूनही त्याच्याकडे आशेनं बघत होती. एवढं केलंस ते केलंस, आता उठून खरं तेवढं सांग, अशी.

पाळकसाहेब म्हणाले, "पंकज, तुला हे ठाऊक होतं?"

तो उठला. नजर पुढच्या बाकाच्या पाठीवर. "व्हिडिओ आला होता, पाळकसाहेब. पण त्यात काय चाललंय ते मला कसं कळणार? मला रशियन येत नाही."

"मी मराठीत बोलले होते, पंकज," मोनिका म्हणाली.

तो निरोप अजून तिच्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल तिच्या पर्समध्ये. बटण दाबलं असतं तर त्याचं थोबाड तिथल्या तिथे काळं झालं असतं. मी पेटीच्या मागून हात हलवून खुणावत होते, ऐकव, ऐकव सगळ्यांना. तिने पर्स उघडली, आत हात घातला आणि तसाच बाहेर काढून पर्स बंद केली. मी नंतर चिडून विचारलं तेव्हा म्हणाली, "ते आईचं होतं, बाई. ते काय साक्षीला लावायचं?"

काकासाहेबांचा चेहरा एवढासा झाला होता. कडक असतील, पण दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्यांतले ते नव्हेत, आणि आपलाच खांदा वापरला गेला हे त्यांना समजलं होतं. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "मी माझी हरकत मागं घेतो." आणि बसले. पाळकसाहेबांनी मोठा श्वास सोडला. मग मोनिकाला जागेवर जायला खूण केली, आणि रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं, "तर मग, आणखी कुणाची हरकत?"

"माझी आहे," मोनिका म्हणाली. ती जागेवर गेलीच नव्हती.

"कारण सांगावं लागेल, बाळ."

"मी एकाच माणसाला सांगितलं होतं आणि ते सगळ्या मंडळीला कळलं. एवढं कारण पुरे आहे."

लग्न मोडलं. आणि मोडलं कुणी, तर मुलीने. पंकजला कुणी पुढे बोलावलं नाही, कारण विचारलं नाही. त्याला जे हवं होतं ते या पोरीने आपल्या तोंडाने त्याच्या पदरात टाकलं. चर्चच्या कापणीच्या सणाला अर्पणात आलेल्या भाजीपाल्याचा आणि कोंबड्यांचा लिलाव चालला होता, तेव्हा तो त्या नर्सला घेऊन आला आणि सगळ्यांना पेढे वाटून गेला. लोकांनी घेतले. महिन्याभरात लोक म्हणायला लागले, शिकलेली पोरगी, तिलाच तो नको होता. तोही मान खाली घालून म्हणतो म्हणे, "जाऊ द्या, तिची इच्छा." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी ते पेढे कोंबड्यांना घातले.

मोनिकाला मी म्हटलं, "अगं, तू त्याला मोकळं सोडलंस. गप्प बसली असतीस तर त्याला उभं राहून सांगावं लागलं असतं."

"ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली. "पण गप्प बसले असते आणि तोही गप्पच बसला असता, तर लग्न झालं असतं."

आता ती नगरला रशियाला जाणाऱ्या पोरांना भाषा शिकवते आणि शनिवारी घरी येते. रविवारी पूर्वीच्याच बाकावर बसते. प्रभुभोजनाला पुढे येते तेव्हा काकासाहेब बाजूला सरून तिला वाट देतात. लग्नाचं कुणी काढलं की उठून जाते. तिकडे तिला मेजापासून लांब ठेवलं त्याचं दुःख तिला फारसं नव्हतं. ते लोक परके होते, आणि त्यांनी निदान अर्धा पाव दिला होता.

मला सारखी आठवते ती त्याच रविवारची दुपार. त्या दिवशी उपासनेनंतरची घंटा वाजलीच नाही. मी कालवण-भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले, तर रामहरी त्या बाजरीच्या खोक्यावर बसलेला आणि मोनिका उंबऱ्यात. दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं नव्हतं. मी ताटं वाढली, कुणी हात लावेना.

रामहरी म्हणाला, "ऐकव मला."

"नको, दादा."

"साऱ्या वस्तीनं बघितलं. बापानं ऐकू न्हाई?"

तिने मोबाईल काढला. दात वाजत होते त्यात तिचे, मागे लोकांचा गलका, आणि मध्ये हुंदके देत बोलणारी मोनिका. "पंकज, आज आईसाठी पान्यात उतरले रे. मातीला येता आलं न्हाई मला. तिला मूठभर माती टाकता आली न्हाई. आज लई दिवसांनी रडू आलं बघ. दादांना दाखवू नको..."

संपलं तरी रामहरी मोबाईलकडेच बघत होता. मग त्याने सदऱ्याच्या टोकाने नाही, उघड्या तळहाताने डोळे पुसले, बागेत काम करताना घाम पुसतात तसे.

"मला का न्हाई धाडलंस?"

"तुमी घाबरला असता, दादा. येवढ्या गारठ्यात उतरले म्हनून."

"घाबरलो असतो की," रामहरी म्हणाला. "पर कुनाला दाखवलं नसतं, पोरी."